‘कधीपासून होतंय?’ : घरातल्या कर्त्या माणसांना खुले पत्र

प्रति,
सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या घराघरांमधल्या कर्त्या मंडळींस,



तुमच्यापैकी कुणाला घरात आबा म्हणत असतील, कुणाला तात्या, अण्णा, नाना, बापू. काही घरांत ही जागा थोरल्या काकी किंवा सासूबाई सांभाळत असतील. पाण्याची पाळी कुणी धरायची, उसाच्या बिलातून आधी कुणाचं देणं भागवायचं, पोरीला कुठं द्यायचं हे जसं तुमच्या शब्दावर ठरतं, तसंच कुणाला दवाखान्यात न्यायचं, कधी न्यायचं आणि कुठल्या दवाखान्यात न्यायचं हेही तुमच्याच शब्दावर ठरतं. म्हणून हे पत्र पेशंटला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

मी परिचारिका होते. नोकरीतली बहुतेक वर्षं कराड आणि मिरज भागातल्या रुग्णालयांत गेली, त्यातली बरीचशी कॅज्युअल्टीत. 1949 साली साताऱ्यातून दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि 1960 ला त्याचं नाव सांगली झालं, हे कागदावर खरं. पण कडेगावचा पेशंट आजही कराडला येतो आणि जतचा मिरजेला जातो. त्यामुळे मला ही दोन जिल्ह्यांची माणसं कधी वेगळी वाटली नाहीत. तुमची तक्रार करायची तर ती एकत्रच करावी लागेल.

पेशंट स्ट्रेचरवर घेतला की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कधीपासून होतंय? उत्तर बहुतेक वेळा पेशंट देत नाही, सोबतचा मोठा माणूस देतो. ‘आत्ताच, तासाभरापूर्वी.’ मी ते लिहून घेत असते आणि त्याच्या मागं उभी असलेली बाई, कडेवरच्या पोराला सावरत, हळू आवाजात म्हणते, ‘सकाळपासनं हुतंय.’ तिच्याकडे वळून नीट विचारलं की ती आधी त्या मोठ्या माणसाकडे बघते आणि मग सांगते, ‘परवापासनंच म्हणत हुते, छातीत धरल्यासारखं हुतंय म्हणून. आबा म्हणाले, पित्त असंल, तोड झाली की बघू.’

मी हे एकदोनदा पाहिलेलं नाही. नावं बदलायची, गावं बदलायची, आबांच्या जागी कधी अण्णा असायचे. मागची बाई मात्र प्रत्येक वेळी असायची, आणि खरी वेळ तिलाच माहीत असायची. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे. आपल्या घरांत ज्याला दुखणं आधी दिसतं त्याला निर्णयाचा हक्क नसतो, आणि ज्याला हक्क असतो त्याला ते शेवटी कळतं.

बाळंतपणातल्या मृत्यूंचा अभ्यास करणाऱ्या थॅडियस आणि मेन या दोघींनी 1994 साली उशिराचे तीन भाग सांगितले. पहिला, दवाखान्यात जायचं ठरवण्यातला उशीर. दुसरा, वाटेतला. तिसरा, दवाखान्यात पोचल्यावर उपचार सुरू होण्यातला. दुसऱ्या आणि तिसऱ्या उशिराबद्दल आपण सरकारला, डॉक्टरांना, रस्त्यांना बोल लावतो आणि तो लावलाच पाहिजे. त्यावर मी पुढं येतेच. पण पहिला उशीर तुमच्या सोप्यात होतो. तिथं कुणी बाहेरचा येऊन काही करू शकत नाही. 1894 साली डॉ. वानलेस यांनी मिरजेत रुग्णालय उभं केलं, तेव्हा माणसं बैलगाड्या जुंपून, रेल्वेनं, डोंगरवाट तुडवत तिथं यायची. तो उशीर समजण्यासारखा होता. आज वाडीपर्यंत डांबरी आहे, प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, 2014 पासून 108 ची गाडी आहे. तरी पेशंट तिसऱ्या दिवशी येतो, तेव्हा मधले दोन दिवस कुठं गेले याचा हिशेब घरानं द्यायला हवा.

आता एकेक सांगते.

छातीचं आधी. आपल्याकडे छातीत काही झालं की त्याचं नाव पित्त किंवा गॅस. सोडा पितात, ओवा चघळतात, पाठ चोळून घेतात, आणि ढेकर आला की बरं वाटलं म्हणतात. एक द्राक्ष बागायतदार मला चांगले आठवतात. ऑक्टोबर छाटणीनंतरचे दिवस, ढगाळ हवा, दावण्या रोगाची भीती, म्हणून पहाटे फवारणीला गेले. ट्रॅक्टरवरच घाम फुटला, जबडा दुखायला लागला, डावा हात जड झाला. घरी येऊन पडले. बायको म्हणाली, दवाखान्यात जाऊ. भाऊ म्हणाला, औषधाचा वास लागला असेल, ताक पाजा. दुपारी थोडं बरं वाटलं म्हणून ते परत बागेत गेले. आमच्याकडे आले तेव्हा दिवेलागण झाली होती. माणूस वाचला, पण हृदयाचा जो भाग मेला तो मेलाच. पुढं त्यांना बागेतला चढ चढवेना.

मला त्यात सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटतं ते सांगू? त्याच घरात पानाच्या मागं पांढुरकी बुरशी दिसली असती तर त्याच संध्याकाळी तज्ज्ञाला फोन गेला असता, रात्री औषध आलं असतं आणि पहाटे फवारणी झाली असती. एका पानावरचा डाग बघून पुढं अख्खी बाग जाणार हे तुम्ही ओळखता. लवकर दिसणाऱ्या खुणेची किंमत तुम्हाला कुणी शिकवायला नको. तीच नजर घरातल्या माणसाकडे वळवा, एवढंच मागते आहे.

छातीच्या मधोमध दडपण, आवळल्यासारखं वाटणं, दरदरून घाम, धाप, दुखणं खांद्याकडे, जबड्याकडे किंवा बेंबीच्या वर सरकणं, यातलं काहीही काही मिनिटांत थांबलं नाही तर निघायचं. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये छाती दुखेलच असं नाही; नुसती धाप, नुसता थकवा, मळमळ, घाम एवढ्यावरही झटका येऊन जातो. ईसीजी निघायला पाच मिनिटं लागतात. पित्तच निघालं तर आनंदानं घरी या. पहिला ईसीजी चांगला आला आणि डॉक्टर थोडा वेळ थांबून दुसरा काढू म्हणाले, तर ‘पैसे उकळतायत’ म्हणून उठून जाऊ नका. पहिल्या ईसीजीत झटका दिसत नाही असं पुष्कळदा होतं. आणि पेशंटला मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणू नका. जिना चढवू नका, चालवू नका.

दुसरं, वारं जाणं. तोंड एका बाजूला ओढलं, एक हात वर धरला तर खाली घसरतो, बोलणं बोबडं झालं किंवा माणूस भलतंच बोलायला लागला, की मेंदूचा रक्तपुरवठा बिघडला समजायचं. रक्ताच्या गुठळीमुळे हे झालं असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन असतं, पण ते पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. त्याच्याही आधी सीटी स्कॅन व्हावा लागतो, म्हणजे तुमच्या हातातला वेळ साडेचार तासांहून पुष्कळ कमी. अशा झटक्यात मिनिटाला सुमारे 19 लाख मेंदूपेशी मरतात. आणि आमच्याकडे पेशंट येतो तो कुठल्याशा गावचं झाडपाल्याचं औषध नाकात सोडून, अंगाला तेल चोळून, दुसऱ्या दिवशी.

इथंच ती खोटी वेळ सगळ्यात घातक ठरते. ‘तासाभरापूर्वी’ असं तुम्ही सांगितलं आणि खरे दहा तास होऊन गेलेले असले, तर त्याच इंजेक्शननं मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. तुम्ही वेळ कमी सांगता ती आम्ही रागावू म्हणून, ‘एवढा वेळ काय करत होता’ असं आम्ही विचारू म्हणून. आम्ही विचारतोही, कधी कधी चारचौघांत, वाईट आवाजात. ते चूक आहे आणि माझ्या बरोबरीच्या लोकांना मी ते सांगत आले. पण आमच्या रागापायी पेशंटचा जीव पणाला लावू नका. पेशंट शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ सांगा. रात्री दहाला नीट झोपला आणि पहाटे पाचला तोंड वाकडं दिसलं, तर वेळ दहाची.

आणि एक. हातातला पेला पडला, दहा मिनिटं जीभ जड झाली आणि मग सगळं पूर्ववत झालं, तर देवाची कृपा म्हणून गप्प बसू नका. त्या दिवशीच दाखवा. पुढच्या मोठ्या झटक्याआधी असं होऊन जातं, आणि तेव्हाच औषध सुरू झालं तर तो मोठा झटका पुष्कळदा टळतो.

तिसरं सापाचं. नागपंचमीमुळे ज्याचं नाव देशभर झालं ते बत्तीस शिराळा आपल्यातच आहे, आणि नदीकाठचा सगळा पट्टा उसाचा. रातच्या लायटीला पाणी पाजायला जाणारा माणूस साप चावला की सांगतो तरी. मला काळजी मण्यारीची वाटते. ती रात्री, जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्याला चावते. दात इतके बारीक की खूण दिसत नाही, सूज येत नाही, पुष्कळदा झोपही मोडत नाही. पहाटे पोर उठतं ते पोटात कळ आली म्हणून. उलटी होते. घरात ठरतं की रात्री काहीतरी बाधलं. मग पापण्या जड होतात, पोर डोळे उघडत नाही, घरात म्हणतात झोप पुरी झाली नाही. मग गिळता येत नाही, आवाज बसतो, आणि श्वास थांबायला लागतो. पहाटेची पोटदुखी आणि मिटणाऱ्या पापण्या हे दोन्ही एकत्र दिसलं, की साप कुणी पाहिला नसला तरी दवाखाना गाठायचा. दोरी करकचून बांधायची नाही, ब्लेड मारायचं नाही, चोखायचं नाही. हात किंवा पाय हलू न देता निघायचं. साप मारून पिशवीत आणायचीही गरज नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांना एकच लस चालते.

साप चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र आणि गंडेदोरे करणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत कुत्रा, साप आणि विंचू यांच्या दंशाचा नाव घेऊन उल्लेख आहे. हा कायदा व्हावा म्हणून जो माणूस वर्षानुवर्षं झगडला तो आपलाच होता. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे, सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात शिकलेले, मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झालेले. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी कायदा आला. त्यांच्या जिल्ह्यात त्यांच्यानंतरही पोरगं आधी देवळाच्या पारावर जातं आणि मग आमच्याकडे येतं, हे मला सहन होत नाही. तुमच्या श्रद्धेला मी हात लावत नाही. नवस बोला, अंगारा लावा. पण ते गाडीत बसल्यावर, दवाखान्याच्या वाटेवर.

आता जे सांगायचं आहे ते तुमच्यापैकी पुरुषांना ऐकायला अवघड जाईल, तरी ऐका.

घरातल्या बायकांची दुखणी तुमच्यापर्यंत येतच नाहीत. पाळी जाऊन वर्षं झालेल्या बाईला परत रक्त दिसलं, तर ती कुणाला सांगणार? कारभाऱ्यांना सांगायची लाज, लेकाला सांगायची त्याहून लाज, सुनेपुढं कमीपणा. एक मावशी आठवतात. पालखी लोणंदला मुक्कामाला यायची तेव्हा घरी वारकऱ्यांच्या पंगती उठायच्या, म्हणून त्यांनी ठरवलं की पालखी पुढं गेली की बघू. पालखी गेली, मग श्रावण आला, मग गणपती, मग पितृपंधरवडा. दिवाळीनंतर आल्या. तोवर त्या दिवसातून किती कापड बदलत होत्या ते त्यांनी मला कानात सांगितलं, बाहेर बसलेल्या लेकाला शेवटपर्यंत कळू दिलं नाही. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होता आणि तो पसरला होता. त्यांच्या लेकानं मला विचारलं, ‘सिस्टर, आई बोलली का नाही?’ माझ्याजवळ उत्तर होतं, पण त्या क्षणी देववलं नाही. आज त्या घराला नाही, तुम्हा सगळ्यांना देते: तिला विचारलं कुणी होतं?

छातीतली गाठ दुखत नाही म्हणून दाखवत नाहीत, आणि कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाहीच. मिश्री लावणाऱ्या बायका आपल्या भागात घरोघर आहेत. गालाच्या आत पांढरा चट्टा, तिखट सोसेनासं होणं, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, तीन आठवड्यांत भरून न आलेला तोंडातला फोड, या खुणा त्यांना कुणी सांगितलेल्या नसतात. पुरुषांच्या तंबाखूबद्दल निदान पुडीवर चित्र तरी असतं.

नुसतं सांगण्यानं काय होतं, असं म्हणाल तर बार्शीकडे बघा. 1987 साली बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांत देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. कुणाला कर्करोग झाला हे नुसतं दवाखान्याच्या वहीवरून कळत नव्हतं, म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरायचे, लोकांना एकत्र बसवून धोक्याच्या खुणा सांगायचे, आणि कुणाला तशी खूण असेल तर तपासणीला या म्हणून पाठपुरावा करायचे. त्यांच्याजवळ काही मोठी यंत्रं नव्हती. तरी पुढच्या काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर येऊ लागल्या, आणि 1995 साली हे आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आलं. ज्वारीच्या पट्ट्यातल्या, दुष्काळानं गांजलेल्या तालुक्यांना हे जमलं. आपल्याकडे तर नद्या आहेत, कारखाने आहेत, दोन जिल्ह्यांत मिळून वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. कमी आहे ती विचारणाऱ्याची.

आणखी थोडं, भराभर सांगते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासायची. सरकारी दवाखान्यात ते फुकट होतं आणि क्षयाचं औषधही. अंगावरचा फिकट चट्टा बधिर असेल, टोचलेलं कळत नसेल, तर दाखवायचा. शौचातून रक्त म्हणजे मूळव्याधच असं धरून बसायचं नाही, आणि डांबरासारखी काळी शौच झाली तर त्याच दिवशी जायचं. डेंग्यूत ताप उतरला की लोक सुटकेचा श्वास सोडतात, पण धोक्याचे दिवस पुष्कळदा तिथूनच सुरू होतात: पोटात जोराचं दुखणं, सारख्या उलट्या, हिरडीतून रक्त, माणूस गळून जाणं. गरोदर बाईला डोकं ठणकून डोळ्यांपुढं अंधारी येणं, अंगावर सूज चढणं, रक्त जाणं किंवा बाळाचं हलणं कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर ‘पहिलटकरीण आहे, घाबरली असेल’ म्हणू नका. अंगावर प्यायचं सोडलेलं तान्हं बाळ सकाळपर्यंत थांबत नाही. मधुमेहाच्या माणसाच्या पायाला उसाचा बुडखा लागला आणि तो म्हणाला ‘दुखत नाही’, तर ते न दुखणंच वाईट आहे. हळद लावून आठ दिवस काढले की अंगठा काळा पडतो आणि मग पाय किती वाचवायचा एवढाच प्रश्न उरतो.

आता तुमची बाजू. ती मला माहीत नाही असं समजू नका.

रात्री प्राथमिक आरोग्य केंद्राला कुलूप दिसलेलं आहे. डॉक्टर आहेत पण मुक्कामाला नाहीत, हे ऐकून परत फिरलेले लोक मी पाहिलेत. खाजगीत गेलं की दाराशीच डिपॉझिट सांगतात, आणि बागायतदार दिसला तरी त्याच्या घरात रोख किती असते हे मला ठाऊक आहे. पैसा उसात आणि सोसायटीच्या कर्जात अडकलेला असतो. एकदा किरकोळ दुखण्याला मोठं बिल झालेलं घर पुढच्या वेळी दहादा विचार करतं. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, 2021 च्या उन्हाळ्यात, माणूस दवाखान्यात गेला की परत दिसत नाही ही भीती आपल्या गावांत बसली, आणि ती अजून पुरती गेलेली नाही. तेव्हाही लोक धाप लागेपर्यंत घरी थांबले, आणि मग जागा नाही म्हणून गाडीत फिरले. या तक्रारी खऱ्या आहेत. आरोग्य केंद्रात रात्री डॉक्टर नसेल तर ग्रामसभेत नाव घेऊन विचारा, जिल्हा परिषदेत विचारा, आमदारांना विचारा. गावाच्या जत्रेला जेवढी वर्गणी आणि जोर लागतो, तेवढा यामागं लावा. मी सही करायला येईन.

पण खर्चाची भीती असेल तर माझ्या डोळ्यांदेखतचा हिशेब असा आहे: लवकर आलेला पेशंट स्वस्तात सुटतो आणि उशिरा आलेला शेत विकायला लावतो. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे तुमचं आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय इथं केसपेपरलासुद्धा पैसे पडत नाहीत. महात्मा फुले जन आरोग्य योजना रेशनकार्डाच्या रंगावर अवलंबून ठेवायची नाही आणि ठरलेल्या आजारांना 5 लाखांपर्यंत संरक्षण द्यायचं, असं शासनानं 2023 मध्ये ठरवलं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. पोचल्या पोचल्या त्याला गाठा. कागद मागून आणता येतात. आधार कार्ड सापडेना म्हणून पेशंटला घरात ठेवून कपाटं उपसत बसलेली कुटुंबं मी पाहिली आहेत.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत.

घरातल्या प्रत्येकाला, अगदी शाळकरी पोरालाही, 108 ला फोन करायचा हक्क आहे असं तुमच्या तोंडानं सांगा. ‘मला विचारल्याशिवाय कुणी काही करायचं नाही’ हे तुमचं वाक्य घरात वर्षानुवर्षं घुमत असतं. तुम्ही शेतात असलात, बाजारला गेलेले असलात, फोन लागत नसला, तरी ते तिथं असतं आणि माणसं तुमची वाट बघत बसतात. दवाखान्यापुरतं ते वाक्य मागं घ्या. नंतर कुणी ‘उगाच घाई केली’ असं म्हणालं, तर पहिल्यांदा तुम्ही त्याला गप्प करा. ईसीजी चांगला आला म्हणून सुनेला टोमणा ऐकावा लागला, तर पुढच्या वेळी ती तोंड उघडणार नाही.

थोडी रोकड, रेशनकार्ड, योजनेचं कार्ड, चालू गोळ्यांची पाकिटं आणि जुने रिपोर्ट एका पिशवीत घालून ती अशा जागी टांगा, की घरातल्या सगळ्यात धाकट्या सुनेलाही ती कुठं आहे ते माहीत असेल. रोकड तुमच्या एकट्याच्या पाकिटात असून चालणार नाही.

दवाखान्यात येताना त्या मागं उभ्या राहणाऱ्या बाईला पुढं घ्या. म्हशीची धार काढायला कुणीतरी पाहिजे म्हणून तिला घरी ठेवू नका; पेशंटनं काल काय खाल्लं, कितीदा उठला, काय बोलला, कुठली गोळी चुकली, हे तिला ठाऊक असतं आणि आम्हाला तेच हवं असतं. धार शेजारी काढतील.

मेडिकलमधून दुखणं सांगून गोळी आणायची, गावातल्या डॉक्टरकडून ताकदीची सलाईन लावून घ्यायची आणि दोन दिवस बघायचं, हा रिवाज सोडा. पेनकिलरनं पोटातलं दुखणं झाकलं जातं आणि आतडं फुटलेलं कळायला आणखी एक दिवस जातो.

आणि हे पत्र वाचून झालं की आईला, बायकोला, वहिनीला, घरात धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींना एकएकटीला गाठून विचारा: अंगावर काही काढते आहेस का? गाठ, रक्त, धाप, चक्कर, काही? पुरुषानं विचारणं जमणार नसेल तर लेकीला किंवा आशाताईंना विचारायला सांगा. पहिल्यांदा ती ‘काही नाही’ म्हणेल. दोन दिवसांनी परत विचारा, आणि तिनं काही सांगितलं तर दवाखान्याचा वार त्याच बैठकीत ठरवा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
कराड